मर्यादित बजेटमध्ये विद्यार्थिनीसाठी लॅपटॉप: एक प्रकरण अभ्यास

ओळख पटेल असे तपशील यात बदललेले आहेत. किमतीही कोणत्याच चलनात दिलेल्या नाहीत. कुटुंबाने लॅपटॉपसाठी बाजूला काढलेली रक्कम १०० धरली आहे आणि बाकीचे सगळे आकडे त्या प्रमाणात आहेत.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीला २०२४ मध्ये संख्याशास्त्र आणि संगणन या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. घरात एक जुना लॅपटॉप होता. त्यात इंटेलच्या चौथ्या पिढीचा दोन कोअरचा (स्वतंत्र काम करणाऱ्या भागांचा) प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामे धरणारी मेमरी) आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. सुरू होऊन वापरण्याजोगा व्हायला त्याला सात-आठ मिनिटे लागत. बॅटरी संपलेली असल्याने तो चार्जर लावूनच चालत असे.

नवा लॅपटॉप चार वर्षे टिकायला हवा होता, कारण मध्येच पुन्हा एवढी रक्कम उभी करणे कुटुंबाला शक्य नव्हते. शिवाय तो रोज पाठीवरून न्यायचा होता, आणि वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग पॉइंट नव्हता.

नेमकी अडचण

विभागाने प्रवेशाबरोबर शिफारशींचा एक कागद दिला होता. ‘१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड’ अशी त्यावर मागणी होती (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान साठवण). ती पूर्ण करणारा सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप १६० च्या घरात जात होता. घरातल्या एका नातेवाइकाने हप्त्यांवर गेमिंग लॅपटॉप घेण्याचा आग्रह धरला. वडिलांना मात्र दुकानातला नवा, वॉरंटी असलेला आणि बरोबर १०० मध्ये बसणारा लॅपटॉप सुरक्षित वाटत होता.

पहिले महत्त्वाचे काम या कागदाची छाननी करण्याचे होते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडे चौकशी केल्यावर कळले की हा एकच कागद सगळ्या शाखांना दिला जातो आणि ग्राफिक्स कार्डाची अट डिझाइन व ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांमुळे आलेली आहे. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षात डीप लर्निंगचा एक विषय असतो, पण त्याचे जड काम प्रयोगशाळेतल्या संगणकांवर होते. ग्राफिक्स कार्ड यादीतून गेले आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्याच्याबरोबर गेला.

१६ जीबी रॅमची अटही तशीच फुगवलेली असेल असे सुरुवातीला गृहीत धरले होते. ते गृहीतक मोजून तपासले हे फार बरे झाले. एका वर्गमित्राच्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर तिने प्रत्यक्ष अभ्यासातली कामे एकाच वेळी उघडली: ब्राउझरचे पंधरा टॅब, व्हिडिओ व्याख्यान, स्प्रेडशीट आणि पायथनच्या नोटबुकमध्ये सुमारे ६०० एमबीची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता). टास्क मॅनेजरमध्ये १०.५ जीबी रॅम वापरात दिसली. मजकुराचे बरेच स्तंभ असलेली सीएसव्ही फाइल पायथनमध्ये वाचली की ती मेमरीत डिस्कवरच्या आकाराच्या कित्येक पट जागा घेते, हे नवख्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या वर्षी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर, लिनक्स चालवायचे होते. त्यासाठी आणखी ४ जीबी तरी लागणार होती.

म्हणजे ८ जीबीवर पहिले वर्ष निघाले असते, चारही वर्षे नाही.

समोरचे पर्याय

सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप ७२ ला होता: चार छोट्या कोअरचा प्रोसेसर, १२८ जीबी ईएमएमसी साठवण आणि मदरबोर्डवर सोल्डर केलेली (कायमची डाखलेली) ८ जीबी रॅम. ईएमएमसी ही हार्ड डिस्कपेक्षा बरी, पण एसएसडीपेक्षा बरीच हळू असते आणि सहसा बोर्डवरच कायमची बसवलेली असते. विंडोज, त्याचे अपडेट आणि दोन-तीन मोठी सॉफ्टवेअर टाकली की १२८ जीबीत श्वास घ्यायला जागा उरत नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा होता वडिलांच्या पसंतीचा, बरोबर १०० चा: १५.६ इंची पडदा, रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची) एसएसडी, एक वर्षाची वॉरंटी. कागदावर तो उत्तम दिसतो आणि बहुतेक कुटुंबे इथेच थांबतात. याच्या नावाकडे मात्र थांबून पाहायला हवे. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला अंक वर्ष सांगतो आणि तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी. ७५२०यू मधला ‘२’ म्हणजे झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली. ७५३०यू म्हणजे झेन ३ आणि ७५४०यू म्हणजे झेन ४. तिन्हींवर ‘रायझन ५’ हेच लेबल असते, तरी ७५२०यू मध्ये चार कोअर आहेत आणि इतर दोघांत सहा. रोजच्या कामाला हा प्रोसेसर पुरेसा आहे, त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. अडचण रॅमची होती. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ मेमरी वापरतो आणि ती बोर्डला सोल्डर केलेली असते. ८ जीबीचा घेतला की तो कायम ८ जीबीचाच. ज्या विद्यार्थ्याला लेखन, सादरीकरणे आणि व्हिडिओ व्याख्याने एवढेच करायचे आहे त्याच्यासाठी हाच लॅपटॉप निवडला असता.

रॅमची पट्टी बसवण्याचा एक स्लॉट मोकळा असलेला, इंटेलच्या बाराव्या पिढीतला नवा लॅपटॉप ११८ ला मिळत होता. रॅमचा खर्च धरून तो १२५ पर्यंत जात होता. रक्कम आणखी २५ ने वाढवता येते का, यावर घरात चर्चा झाली आणि उत्तर नाही असे आले.

गेमिंग लॅपटॉपचा विचार किमतीपेक्षा वजनावर संपला. लॅपटॉपचे २.३ किलो आणि वर जवळपास अर्ध्या किलोचा चार्जर, शिवाय प्लगविना तीन तासांच्या आत संपणारी बॅटरी.

शेवटचा पर्याय रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून झालेल्या आणि पुन्हा विकायला काढलेल्या, बिझनेस लॅपटॉपचा. कंपन्या असे लॅपटॉप साधारण तीन-चार वर्षे वापरून एकगठ्ठा बदलतात, म्हणून एकाच मॉडेलचे बरेच नग बाजारात येतात. इथे ६६ ला १४ इंची, सुमारे दीड किलोचा लॅपटॉप मिळत होता. त्यात कोअर आय५-११४५जी७, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी, एक रिकामा स्लॉट आणि २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी होती. विक्रेत्याची सहा महिन्यांची हमी होती.

घाई टाळण्यासाठी काढलेला वेळ

सत्र सुरू व्हायला दहा दिवस उरले होते आणि याच दडपणाखाली लोक मिळेल ते घेऊन मोकळे होतात. इथे घरचा जुना लॅपटॉप कामी आला. त्यातली हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी बसवली. खर्च ८. सुरू व्हायला लागणारी सात-आठ मिनिटे अर्ध्या मिनिटावर आली. अशी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग देते, साटा एसएसडी ५०० च्या वर. पण खरा फरक विखुरलेल्या छोट्या फाइल वाचण्यात पडतो आणि सुरू होताना विंडोज तेच करत असते.

तो लॅपटॉप चार वर्षांसाठी चालणारा नव्हता. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी). विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेले होते. पण दोन महिने काढायला तो पुरला. ती एसएसडी पुढे २ खर्चून यूएसबीच्या डब्यात घातली आणि बॅकअपसाठी वापरली, त्यामुळे ते ८ वाया गेले नाहीत. या दोन महिन्यांत अभ्यासाला नेमके काय लागते तेही कळले. वरची रॅमची मोजणी याच काळातली.

निर्णय कसा झाला

शेवटी तुलना ठरली ती १०० चा नवा आणि ६६ चा वापरलेला या दोघांत. घरातला वाद ‘नवा विरुद्ध जुना’ असा चालला होता. तो वेगळ्या प्रश्नाने सुटला: यातल्या कोणत्या गोष्टी नंतर बदलता येतील आणि कोणत्या नाहीत?

प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड, बिजागऱ्यांची मजबुती आणि सोल्डर केलेली रॅम या जन्माला बांधलेल्या गोष्टी. (पडदा आणि कीबोर्ड बदलता येतात, पण खर्च आणि मजुरी पाहता ते कोणी करत नाही.) बॅटरी, एसएसडी, चार्जर, वायफाय कार्ड आणि स्लॉटमधली रॅम मागाहून बदलता येते. नव्या लॅपटॉपमध्ये बदलता न येणारी रॅम अपुरी होती आणि बदलता येणारी एसएसडी मोठी होती. वापरलेल्यात नेमके उलटे होते. त्याची कमकुवत बाजू बॅटरीची होती आणि ती पैसे देऊन दुरुस्त होणारी होती. वॉरंटीतला फरक खरा होता. त्याची भरपाई म्हणून उरलेल्या रकमेतला काही भाग राखीव ठेवायचे ठरले आणि त्यावर वडील तयार झाले.

पाहणी आणि खरेदी

एकाच मॉडेलचे दोन नग पाहिले.

पहिला दिसायला जवळजवळ नवा होता, ओरखडा म्हणून नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ पर्यायासह दिली की चालू फोल्डरमध्ये एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. इथे सध्याची क्षमता मूळच्या ६१ टक्के होती. तेवढ्यावर किंमत कमी करून घेता आली असती. पुढची तपासणी मात्र निर्णायक ठरली. विक्रेत्याच्या परवानगीने विंडोज रिसेट करून सुरुवातीच्या मांडणीत लॅपटॉप इंटरनेटला जोडला, तेव्हा एका कंपनीच्या नावाने साइन-इन मागणारा पडदा आला. याचा अर्थ हे यंत्र जुन्या मालकाच्या ऑटोपायलट (कंपन्यांचे लॅपटॉप दुरून मांडून देणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) नोंदणीत अजून होते. ही नोंद डिस्कवर नसते. हार्डवेअरच्या ओळखीवरून ती सर्व्हरवर ठेवलेली असते, म्हणून डिस्क पुसली किंवा बदलली तरी जात नाही. नोंद काढण्याचा अधिकार मूळ कंपनीकडेच असतो. ‘इंटरनेट न जोडता विंडोज टाकून देतो’ असे विक्रेता म्हणाला. ते चालतेही, पण पुढच्या रिसेटपर्यंतच. परीक्षेच्या आदल्या रात्री रिसेट करायची वेळ आली तर विद्यार्थिनीच्या हातात बंद यंत्र उरेल. हा नग नाकारला.

दुसऱ्याच्या झाकणावर ओरखडे होते आणि कीबोर्डची दोन अक्षरे झिजली होती. त्याच्या तपासण्या अशा झाल्या:

- बॅटरी: मूळ क्षमता ५३,००० एमडब्ल्यूएच (मिलिवॅट-तास), सध्याची ४३,५००. म्हणजे ८२ टक्के.
- ‘एसएलएमजीआर’ आज्ञा ‘एक्सपीआर’ पर्यायासह दिल्यावर विंडोज कायमस्वरूपी सक्रिय असल्याचे दिसले. इथे संपण्याची तारीख दिसली तर ते सक्रियकरण संस्थेच्या सामूहिक परवान्यावरचे किंवा बनावट असते.
- क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीचे ९ टक्के आयुष्य वापरलेले, चुकांची नोंद शून्य.
- दोन्ही यूएसबी-सी पोर्टांत चार्जर लावून केबल हलकेच हलवली, चार्जिंग तुटले नाही. हे पोर्ट मदरबोर्डवर असतात, ढिला पोर्ट म्हणजे महागडी दुरुस्ती.
- टचपॅडचा क्लिक सगळीकडे सारखा लागत होता आणि तळ सपाट होता. फुगलेली बॅटरी सहसा टचपॅड वर ढकलून स्वतःला दाखवते.
- बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नव्हता, आणि रिसेटनंतर कंपनीचा पडदा आला नाही.

एक गोष्ट बिघडलेली निघाली. सर्व कोअरवर वीस मिनिटे ताण दिला तेव्हा चौथ्या मिनिटालाच तापमान ९७ अंशांवर गेले आणि वेग १.४ गिगाहर्ट्झपर्यंत घसरला. नुसता सुरू करून ब्राउझर पाहिला असता तर हे कधीच दिसले नसते. कारण साधे होते: पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली. विक्रेत्याने दोन्ही कामे करून दिली. पुन्हा चाचणी घेतल्यावर तापमान ८२ अंशांच्या आसपास स्थिरावले आणि वेग २.४ गिगाहर्ट्झवर टिकला. ही दुसरी चाचणी होईपर्यंत पैसे दिले नाहीत.

हमीचा कागद लिहून घेतला. त्यात मदरबोर्ड आणि पडदा सहा महिने, बॅटरी वगळून, असे स्पष्ट होते.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली, खर्च ७. डीडीआर४ ची लॅपटॉप पट्टी २६० पिनांची असते आणि डीडीआर५ ची २६२. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि बसत नसेल तर जोर करायचा नाही. जुन्या पट्टीवरचा ३२०० हा वेग पाहून तेवढ्याच वेगाची घेतली. आधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, तळाचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली, मग पट्टी सुमारे ३० अंशांत तिरकी सरकवून खाली दाबली आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्या लागल्याची खात्री केली. पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळाच राहिला. नवी मेमरी ओळखताना असे होते आणि याच वेळी घाबरून बटण दाबून यंत्र बंद केले जाते. तसे करू नये.

एकाच पट्टीवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचे नाव ‘यूएचडी’ दिसत होते, दोन पट्ट्यांनंतर ते ‘आयरिस एक्सई’ झाले. अंगभूत ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅममधूनच घेते. म्हणून दोन मार्गांनी मेमरी मिळाली की त्याचा वेग खरोखर वाढतो.

मग मेमरीची चाचणी रात्रभर चालवली, विंडोज कोरे टाकले आणि बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवली. व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बायोसमध्ये बंद होता, तोही तेव्हाच सुरू केला. डिस्क कूटबद्ध करून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवली. हे कंटाळवाणे काम नंतर उपयोगी पडले. आठ महिन्यांनी बायोसचा अपडेट झाला आणि पुढच्या वेळी सुरू करताना लॅपटॉपने तीच की मागितली. बायोस अपडेटपूर्वी कूटबद्धता तात्पुरती थांबवली असती तर तेही टळले असते.

एकूण खर्च: लॅपटॉप ६६, रॅम ७, आधीची एसएसडी ८, डबा २. म्हणजे ८३. राखीव १७.

वीस महिन्यांनंतर

चौदाव्या महिन्यात बॅटरी मूळ क्षमतेच्या ६६ टक्क्यांवर आली आणि दुपारच्या व्याख्यानांपर्यंत पुरेना. नवी बॅटरी ९ ला बसवली. चार्जरची केबल टोकाशी तुटली, तेव्हा ६५ वॅटचा यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरी चार्जर ४ ला घेतला. जुन्या गोल पिनेचा त्याच कंपनीचा चार्जर शोधत बसावे लागले नाही, हा यूएसबी-सीचा मोठा फायदा. राखीव रकमेतले ४ उरले आहेत.

काम करताना मेमरी कमी पडल्याची तक्रार नाही. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी देऊनही बाजूला ब्राउझर आणि नोटबुक चालतात. तळाची मोठी खिळखिळ किंवा बिजागरीची तक्रार नाही.

काय वेगळे करता आले असते

पडद्याकडे कमी लक्ष दिले गेले. १९२० बाय १०८० आणि आयपीएस (बाजूनेही नीट दिसणाऱ्या पडद्याचा प्रकार) एवढे पाहून समाधान मानले. पण त्याची उजेडक्षमता २५० निट्सची आहे आणि रंगव्याप्ती एनटीएससी या रंगमानकाच्या ४५ टक्केच. खिडकीशेजारच्या बाकावर तक्ते नीट दिसत नाहीत आणि आलेखातल्या जवळच्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून तिला रेषांच्या जाडीवर आणि ठिपक्यांच्या आकारावर अवलंबून राहावे लागते. याच मॉडेलचे अधिक उजळ पडद्याचे नगही विकले जात होते. दुकानातल्या मंद दिव्याखाली पाहण्याऐवजी दारात, दिवसाच्या उजेडात आणून पाहिले असते तर फरक दोन मिनिटांत कळला असता. पडदा हा न बदलता येणाऱ्या यादीतला आहे, त्यामुळे ही चूक उरलेली दोन वर्षे सोबत राहील.

बॅटरी ८२ टक्क्यांवर आहे आणि हमीत नाही, हे खरेदीच्या वेळी समोर होते. तेव्हाच थोडी जास्त रक्कम देऊन विक्रेत्याकडून नवी बॅटरी बसवून घेतली असती तर तिच्यावर हमी मिळाली असती आणि नंतरची धावपळ वाचली असती.

बॅकअपचा डबा होता, पण आपोआप बॅकअप चालू करायला तीन महिने लागले. मधल्या काळात एक अर्धी झालेली असाइनमेंट चुकून पुसली गेली आणि पुन्हा करावी लागली.

सध्या २५६ जीबी एसएसडीत ३० जीबी मोकळी आहे. पुढची खरेदी ठरलेली आहे: ५१२ जीबीची एनव्हीएमई, एम.२ स्लॉटमध्ये. घेण्यापूर्वी तळ उघडून स्लॉटची लांबी पाहायची आहे, २२४२ की २२८०. शेवटचे दोन आकडे मिलिमीटरमधली लांबी असतात, आणि ४२ मिलिमीटरच्या जागेत ८० ची पट्टी बसत नाही.